माल सोबत नेत आहे

पुंगोल, सिंगापूर
१२ जानेवारी २०१६

प्रिय मावशी,

पोचल्याचा एक मेसेज टाकायला काय झालं होतं? शेवटी तुझ्या खालच्या मजल्यावरच्या चारुदत्तला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी कालच आल्या, गॅलरीत कपडे वाळत घालतायत." म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. बरं.

आता मुद्द्याचं, मेलनेच लिहितोय म्हणजे आजच पोचेल. रविवारी एअरपोर्टवर जे झालं त्याबद्दल मी रागावलेलो नाही. गर्दीत गांगरलीस, होतं असं. पण आदल्या दिवशी मी तुला तीनदा समजावलं होतं. बाहेरून आलेल्या पाहुण्याने इथे काही विकत घेतलं आणि जाताना सोबत नेलं, तर त्यावरचा सात टक्के टॅक्स सरकार परत देतं. आम्हा इथे राहणाऱ्यांना देत नाही. म्हणून माझं घड्याळ तुझ्या पासपोर्टवर घेतलं. तू मशीनवर पासपोर्ट ठेवायचा, काउंटरवरच्या बाईला घड्याळ दाखवायचं, तिने मान हलवली की ते माझ्या हातात द्यायचं आणि विमानात बसायचं. माझ्या अकरा वर्षांच्या इरालाही जमलं असतं.

त्याऐवजी तू घड्याळ मनगटावर चढवलंस, बॅग दिलीस आणि तडक आत चालती झालीस. मी काचेवर टकटक करतोय आणि तू पलीकडून हात हलवतेस, बांगड्यांच्या वर माझं घड्याळ! तुझ्या सूनबाईला, सुलेखाला, हसू आवरेना. मला नाही आलं. माझ्या चाळिशीचं घड्याळ आहे ते, चार महिने दुकानात नंबर लावून मिळालंय.

असो. आपल्या निशिकांतचा, म्हणजे वुडलँड्सला ज्याच्याकडे आपण जेवायला गेलो होतो त्याचा, मेहुणा रवींद्र चोवीस तारखेला पुण्याहून येतोय. त्याच्याकडे दे. डबा, पावती काही नको, हातात घालून येऊ दे म्हणजे कुणी विचारणार नाही. आणि याची कुठे वाच्यता करू नकोस. आमचा पीआरचा अर्ज सरकारकडे पडलाय. तो मिळाला की आम्ही इथले कायमचे. ऐन वेळी असल्या फुटकळ गोष्टीत माझं नाव नको यायला.

निशिकांतची आई दरवर्षी येते आणि दरवर्षी हे काम बिनबोभाट करून जाते. ती सातवी शिकलीये, मावशी.

मुकुल


कर्वेनगर, पुणे
१५ जानेवारी २०१६

चि. मुकुल,

आशीर्वाद द्यायचा की नाही ते पत्राच्या शेवटी ठरवते.

मी गांगरले नव्हते. गांगरायला मी काही पहिल्यांदा घराबाहेर पडले नव्हते. चौतीस वर्षं विक्रीकर खात्यात काढली आहेत, आणि त्यातली बरीचशी तुझ्यासारख्यांचे कागद तपासण्यात.

आल्या दिवशी तू म्हणालास, "मावशी, पासपोर्ट माझ्याकडे दे, हरवशील." मी दिला. आपल्याकडे म्हातारं माणूस घरात आलं की त्याचं पासबुक, चाव्या, पासपोर्ट कुणीतरी 'नीट ठेवायला' काढून घेतंच, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. तो कपाटात होता म्हणे. कपाटातला पासपोर्ट ऑर्चर्ड रोडच्या दुकानात घड्याळ घेऊन आला आणि मला पत्ता लागला निघायच्या आदल्या संध्याकाळी, तोही पुरणपोळीवर तूप वाढता वाढता. "मावशी, तुझं एक छोटंसं काम आहे." वा रे छोटंसं!

मार्केट यार्डातले व्यापारी माझ्यासमोर खोटी बिलं ठेवायचे. ट्रकच्या ट्रक गिळायचे लेकाचे. पण त्यांच्या चोरीला निदान अंगापिंडाने काही होतं. तू काय केलंस? बँकेत व्हाइस प्रेसिडेंट, आणि सात टक्क्यांसाठी म्हातारीच्या पदराआड! तसा तुमच्या बँकेत दर चौथ्या खुर्चीवर एक व्हाइस प्रेसिडेंट बसतो हे मला इराने सांगितलंय. "आजी, एव्हरीबडी ऑल्सो व्हीपी, लाह," असं तिथल्या बोलीत म्हणाली पोर. तुझ्यापेक्षा तिला हिशेब कळतो.

आता घड्याळ. त्या मशीनने पडद्यावर विचारलं, हा माल तुम्ही स्वतः सोबत घेऊन देश सोडत आहात का? माझ्या खांद्यावरून हात घालून तू 'हो'वर बोट दाबलंस. वाचलंही नाहीस. मी वाचलं. वर माझं नाव होतं, माझा पासपोर्ट नंबर होता. 'माल सोबत नेत आहे' असं माझ्या नावाने लिहिलं गेलं होतं, म्हणून मी माल सोबत नेला. काउंटरवरची बाईच म्हणाली, महागाची वस्तू आहे आंटी, बॅगेत टाकू नका. म्हणून हातात घातलं.

मुंबईला उतरल्यावर मी माल जाहीर करायच्या लाल पाटीखालून गेले आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. तिथला अधिकारी म्हणतो, "आजी, हिरव्या पाटीखालून निघून जायचं होतं ना." मी ड्यूटी भरली आणि पावती घेतली. एक मुदतठेव मोडावी लागली. त्याचं मला काही वाटत नाही, लोकांच्या ठेवी याहून वाईट कामांत मोडतात.

रवींद्रकडे काही मिळणार नाही. त्याला निरोप दे की कर्वेनगरला फेरी मारायची तसदी घेऊ नकोस.

आशीर्वाद इराला. तुझा शिल्लक ठेवते.

शुभदा मावशी


पुंगोल, सिंगापूर
१८ जानेवारी २०१६

मावशी,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं. स्वतःहून ड्यूटी भरलीस? माझ्या घड्याळावर? कुणीही न विचारता? सुलेखा म्हणते, हे प्रामाणिक माणसाचं लक्षण नाही, हट्टी माणसाचं आहे.

एक सांगू? तुझा प्रामाणिकपणा फार स्वस्तातला आहे. घरी ना नवरा ना मूल, कुणासाठी काही जमवायचं नव्हतं, मोठी संधी कधी चालून आली नाही. मग राहता येतं स्वच्छ. मी नऊ वर्षांचा असताना आई गेली आणि तुझ्याकडे आलो, हे मी विसरलो नाही. पण तू दहावीपर्यंत मला एका पँटवर दोन वर्षं काढायला लावलीस तेही विसरलो नाही. खात्यातले बाकीचे लोक बंगले बांधत होते आणि तू मला रफू शिकवत होतीस! तेव्हाच मी ठरवलं होतं की हे असलं भिकार आयुष्य आपल्याला नको.

इथे सगळे हे करतात. अमुक करतो, तमुक करतो असं नाही, सगळे. आणि तू तरी कसला आव आणतेस? मी दहा पावलांवर उभा होतो. काउंटरवरच्या बाईने तुला काहीतरी विचारलं आणि तू छान मान हलवलीस. म्हणजे खोटं बोललीसच की! मला शिकवू नकोस.

घड्याळ परत पाठव. नाही पाठवलंस तर दर रविवारी इराशी जे तासभर बोलतेस ते विसर. तिला अभ्यास असतो.

मुकुल


कर्वेनगर, पुणे
२३ जानेवारी २०१६

मुकुल,

चार दिवस मी उत्तर लिहिलं नाही, कारण तुझ्या पत्रात एक वाक्य खरं होतं. बाकीचा पालापाचोळा बाजूला ठेवते. पँट दोन नाही, तीन वर्षं वापरलीस.

हो, मी खोटं बोलले. काय बोलले ते ऐक, कारण तू दहा पावलांवर फोनमध्ये डोकं घालून उभा होतास.

ती मुलगी पंचविशीची असेल. घड्याळ उलटंपालटं करून म्हणाली, "आंटी, हे तर पुरुषाचं घड्याळ. कुणासाठी?" मग तिने मान वर करून तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लटकत होतं, रविवारी! "तो मुलगा आहे का तुमचा? इथेच राहतो?" ती हुशार होती. माझ्या हाताखाली असती तर मी तिला बढती दिली असती. मला तिथल्या तिथे कळलं की आता मी 'हे याचं आहे' एवढं म्हटलं की तुझी नोकरी, पीआर, इराची शाळा सगळं त्या टेबलावर येणार. आणि मी म्हटलं, "भाचा आहे. सोडायला आलाय. घड्याळ माझंच आहे, माझ्या पैशाने घेतलंय." तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाली, "ओके, आंटी. सेफ फ्लाइट."

मार्केट यार्डात एका सुपारीवाल्याकडे धाड होती. त्याची आई पुढे येऊन म्हणाली, बाई, माल माझा आहे, पोराचा नाही. मी तिला सगळ्या हमालांदेखत म्हटलं, "या वयात खोटं बोलायला लाज नाही वाटत?" तिने नुसता पदर सारखा केला. असल्या आयांचा मला चौतीस वर्षं तिटकारा होता. पोरांना या बायाच बिघडवतात असं मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगायची. आता त्या यादीत मी आहे, आणि तेसुद्धा कशासाठी, तर मनगटावरच्या एका डबड्यासाठी.

म्हणून घड्याळ परत मिळणार नाही. ते मी परत दिलं तर मी बोललेलं नुसतं खोटं उरेल. माझ्याकडे आहे तोवर निम्मं तरी खरं आहे. तुझ्या लेखी हा वेडेपणा असेल, असू दे.

इराला तोडतोस? तोड. तेवढंच करायचं राहिलं होतं.

शुभदा


पुंगोल, सिंगापूर
९ फेब्रुवारी २०१६

प्रिय मावशी,

मागचं सगळं विसर. मी रागात लिहिलं. इरा सारखी विचारते, मावशीआजी फोनवर का नाही.

एक अडचण आली आहे. इथल्या टॅक्स खात्याचं पत्र आलंय. पैसे माझ्या कार्डाने भरले, परतावाही माझ्याच कार्डावर आला, आणि पासपोर्ट मात्र तुझा. चौदा दिवसांत खुलासा मागितलाय. पीआरचा अर्ज अजून तिथेच आहे. यातून काही निघालं तर पीआर तर जाईलच, कदाचित कामाचा पासही जाईल. मग महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. इरा इथे वाढली, तिला मराठी वाचताही येत नाही, ती पुण्यात कुठल्या शाळेत बसणार?

तू फक्त एवढं लिहून दे: घड्याळ मी माझ्यासाठी घेतलं, पैसे भाच्याला आधीच रोख दिले होते. सही कर आणि स्कॅन करून पाठव. चार ओळी आहेत. तू तिला तोंडी हेच सांगितलं होतंस, मी नवीन काही मागत नाही.

तुझा,
मुकुल


कर्वेनगर, पुणे
१० फेब्रुवारी २०१६

मुकुल,

तोंडी बोलले तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. आता टेबलाशी बसून, चष्मा लावून, शाईने खोटं लिहायचं म्हणजे तो माझा धंदा झाला. ते होणार नाही.

पण खात्यात आम्ही एक गोष्ट पाळायचो. व्यापारी धाडीआधी आपल्या पायाने आला, चूक कबूल केली, कर भरला, तर त्याला फारसं ताणायचं नाही. आपल्या पायाने आलेल्याला कुठलंही खातं सहसा मारत नाही, त्यांनाही कामं असतात. तू जा. म्हण, घड्याळ माझं, पासपोर्ट मावशीचा वापरला, मावशी मला वाचवायला खोटं बोलली. परतावा परत कर आणि जो दंड म्हणतील तो भर.

मी माझं पत्र लिहून ठेवलंय, त्यात माझं खोटंही आहे. तुला सात दिवसांची मुदत देते. आठव्या दिवशी ते जाईल. व्यापाऱ्यांनाही मी एवढीच द्यायची, आणि ते माझे कुणी नव्हते.

शुभदा


पुंगोल, सिंगापूर
१६ फेब्रुवारी २०१६

प्रिय मावशी,

झालं! काल मी आणि सुलेखा दोघं जाऊन आलो. सगळं सविस्तर सांगितलं. तू म्हणालीस तसंच, साहेब समजूतदार निघाले, चहा तेवढा विचारला नाही. परतावा परत भरतोय. बहुतेक एवढ्यावर मिटेल. आता तू मनाला लावून घेऊ नकोस, आराम कर. घड्याळ राहू दे तुझ्याकडेच, आमच्याकडून भेट समज.

इरा रविवारी फोन करेल.

मुकुल


कर्वेनगर, पुणे
१७ फेब्रुवारी २०१६

चि. मुकुल यास अनेक आशीर्वाद.

शिल्लक ठेवला होता तो आज देते, व्याजासकट. पत्र वाचून मी अर्धा तास नुसती रडले, मग उठून शिरा केला आणि चारुदत्तच्या घरी वाटी पाठवली. कशाचा म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, भाचा पास झाला.

मी तुला नाही नाही ते बोलले. माझ्या बहिणीचा, स्मिताचा मुलगा आहेस, शेवटी वेळेला उभा राहिलास.

माझं पत्रही आज त्या खात्याला पाठवलं. तू कबूल केलंस आणि माझं खोटं तसंच राहिलं हे बरं दिसणार नाही. तुझ्या जबाबाला त्याचा आधारच होईल. इराला म्हणावं, रविवारी मी सकाळपासून वाट बघेन.

तुझी मावशी


कर्वेनगर, पुणे
२१ मार्च २०१६

मुकुल,

काल त्या खात्याचं उत्तर आलं. इंग्रजीत आहे, अतिशय सभ्य आहे. तुला वाचायला सोबत जोडलंय, पण मराठीतही लिहिते, कारण मला ते एकदा माझ्या भाषेत लिहून बघायचं आहे.

'प्रिय बाई, आपलं पत्र मिळालं. आपले भाचे व त्यांच्या पत्नी यांनी पंधरा फेब्रुवारीला दिलेल्या निवेदनावरून आपल्या आजाराची आम्हाला कल्पना आहे. घड्याळ आपण स्वतःसाठी घ्यायला लावलंत आणि ते आपण विसरलात, आपल्याला गेली दोन वर्षं विस्मरणाचा त्रास आहे, असं त्यांनी कळवलं आहे. पुरुषाचं घड्याळ मनगटावर घालून निघून जाणं, मागितली नसताना ड्यूटी भरणं, आणि आपण गुन्हा केला आहे असं वाटून त्यांना वारंवार पत्रं लिहिणं, ही लक्षणं त्यांनी नमूद केली असून आपली ती पत्रंही जोडली आहेत. हे प्रकरण बंद करण्यात येत आहे. आपण काळजी करू नये. प्रकृतीस जपावं.'

खाली त्या अधिकाऱ्याची सही आहे. बिचाऱ्याने शेवटी 'जपावं' लिहिलंय, ते मनापासून असणार.

मला वाटलं होतं की मी तुला शिव्या घालेन. दोन पानं घातल्याही होत्या, फाडून टाकल्या. नीच, हलकट, सगळे शब्द लिहून बघितले आणि एकही पुरला नाही. तू चोरी केलीस त्याचा मला राग होता. पण तू माझी पत्रं नेऊन त्या टेबलावर ठेवलीस, मी तुझ्यापाशी आयुष्यात पहिल्यांदा काही कबूल केलं होतं ती पत्रं, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणालास, बघा, हे वेड. मी त्यांना पुन्हा पत्र लिहिणार होते की मी पूर्ण शुद्धीत आहे. लिहायला बसल्यावर कळलं की वेडी माणसं हेच लिहितात. चौतीस वर्षं माझ्या सहीने माणसांची दुकानं बंद व्हायची, उघडायची. आता मी खरं बोलले तरी लोक मला पाणी आणून देतील.

पीआर मिळाल्याचं इराने फोनवर सांगितलं. मला हळूहळू आणि मोठ्याने सांगत होती, दोनदा. घरात तिला कुणीतरी तसं बोलायला सांगितलेलं दिसतं.

आज सकाळी मंडईत निघाले आणि जिन्यावरून परत फिरले, गॅस बंद केलाय का ते बघायला. बंद होता. खाली उतरले आणि पुन्हा वर आले. तिसऱ्यांदाही बंदच होता.

शुभदा